डीएस की टू सीव्ही? आधी गाडीखाली वाका

पत्र

सप्रेम नमस्कार. मी मूळचा सांगलीचा. बरीच वर्षं फ्रान्समध्ये तुलूझला विमान उद्योगात नोकरी करतो. रोजच्या वापराला घरात साधी गाडी आहे. आता एक जुनी, हौसेची घ्यायची आहे, आणि ती सित्रोएनचीच, एवढं पक्कं. दोन गाड्या हेरून ठेवल्यात. एक १९७३ ची डी सुपर ५, म्हणजे डीएसच्याच घराण्यातली. मालक म्हणतात, "चार वर्षं उभी आहे, पण अधूनमधून सुरू करतो." दुसरी १९८६ ची टू सीव्ही ६, जाहिरातीत "संपूर्ण नवी केलेली" असं लिहिलंय, चालती आहे. दोघींची किंमत जवळपास सारखी. मला शाळेपासून डीएसचं वेड. बायकोला टू सीव्ही आवडते. मुलं दहा आणि सात वर्षांची. इमारतीच्या तळघरात पाच मीटर लांबीचा आमचा बंद गाळा आहे. वापर म्हणाल तर रविवारचा बाजार, पिरेनीजच्या पायथ्याची गावं आणि वर्षातून एकदा स्पेनचा समुद्रकिनारा. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेत. उन्हाळ्यात तीन महिने इकडे असतात आणि त्यांचा वेळ जाता जात नाही. मित्र म्हणतात, डीएस म्हणजे डीएस, तुलना कसली करतोस? तुम्ही काय म्हणाल?

एक तुलूझकर

उत्तर

तुलूझकर, नमस्कार.

मित्रांचं एका अर्थी खरं आहे. डीएसला तोड नाही. पण हा सल्ला गाडी बघणाऱ्याच्या उपयोगाचा, गाडी सांभाळणाऱ्याच्या नाही. तुम्ही मॉडेल, साल, किंमत सगळं नीट लिहिलंय आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य मात्र जाता जाता टाकलंय: चार वर्षं उभी आहे. ते वाचलं आणि माझा निम्मा निकाल झाला. उरलेला निम्मा तुमच्या बाबांमुळे झाला.

तेव्हा आढेवेढे न घेता सांगतो. टू सीव्ही घ्या. हीच घ्यायची की दुसरी शोधायची, ते तिच्या चेसिसवर ठरेल, त्याकडे पुढे येतोच. ही डी सुपर मात्र सोडा. डीएस वाईट म्हणून नव्हे. चांगल्या अवस्थेतली डीएस चांगल्या टू सीव्हीच्या भावात सहसा मिळत नाही, आणि मिळतेय असं दिसलं की समजायचं, उरलेलं बिल अजून यायचंय.

आता या दोन गाड्यांकडे बघू. लोक त्यांची तुलना राजवाडा आणि झोपडी अशी करतात. कागदावर तसं दिसतंही. टू सीव्ही १९४८ च्या पॅरिस प्रदर्शनात आली तेव्हा तिला ३७५ सीसीचं, ९ अश्वशक्तीचं इंजिन होतं, आणि बघायला आलेल्यांपैकी बरेचजण हसून गेले. डीएस १९५५ च्या ऑक्टोबरात त्याच प्रदर्शनात उभी राहिली आणि पहिल्याच दिवशी सुमारे १२,००० लोकांनी तिची मागणी नोंदवली. पण दोन्ही गाड्यांमागची माणसं बघा. आंद्रे लफेव्र हे दोन्हीचे मुख्य अभियंता. फ्लामिनिओ बेर्तोनी या इटालियन शिल्पकाराचा हात दोन्हींच्या अंगाला लागलेला. लफेव्र मुळात विमानवाले. ज्या विमानविद्येच्या शाळेत ते शिकले ती पुढे पॅरिसहून तुमच्याच तुलूझला आली. वजन पुढे ठेवा, ओढायचं काम पुढच्या चाकांना द्या, अनावश्यक किलो काढून टाका, हे त्यांचं सूत्र दोन्ही गाड्यांत सारखंच सापडतं.

आणि दोघींपुढचा प्रश्नही एकच होता: फ्रान्सचे खराब रस्ते. खडीचे, दगडी फरसबंदीचे, शेतातले. टू सीव्हीच्या बाबतीत कंपनीचे प्रमुख पिएर-ज्यूल बुलांजे यांनी १९३० च्या दशकातच मागणी करून ठेवली होती. शेतकऱ्याची गाडी हवी, त्यात माणसांबरोबर पन्नास किलो बटाटे मावले पाहिजेत, ताशी ६० किलोमीटर वेग पुरे, आणि नांगरलेल्या शेतातून नेली तरी टोपलीतलं अंडं फुटता कामा नये. बुलांजे स्वतः उंच. नमुन्याच्या गाडीत ते डोक्यावर हॅट घालून बसत, हॅट छताला लागली की नमुना नापास. १९३९ मध्ये अडीचशे गाड्या तयार होत्या, पण युद्ध पेटलं, प्रदर्शन रद्द झालं आणि गाडी जगापुढे यायला नऊ वर्षं गेली.

त्या अंड्याचा प्रश्न टू सीव्हीने स्प्रिंगा आडव्या घालून सोडवला. गाडीच्या दोन्ही बाजूंना, दरवाजाच्या खाली, एकेक आडवं नळकांडं आहे. त्यातल्या स्प्रिंगा पुढच्या आणि मागच्या चाकाच्या दांड्यांना जोडलेल्या. पुढचं चाक खड्ड्यात गेलं की त्याची वर्दी मागच्या चाकाला आधीच मिळते. बस्स, एवढंच. ना पंप, ना तेल. डीएसमध्ये तोच प्रश्न पॉल माजेस यांनी सोडवला. रीतसर इंजिनिअरिंगची पदवी नसलेला हा माणूस. त्यांनी स्प्रिंग काढूनच टाकली आणि प्रत्येक चाकाशी एक लोखंडी गोळा बसवला. गोळ्यात पडदा, पडद्याच्या एका बाजूला नायट्रोजन, दुसऱ्या बाजूला पंपाने दाबलेलं तेल. वायू दबतो, तेल उंची सांभाळतं. मागे पाच पोती टाका, गाडी स्वतःला सावरून पुन्हा सपाट होते.

इथे एक गंमत आहे. डीएससाठी सहा सिलिंडरचं, हवेने थंड होणारं नवं इंजिन करायचा घाट होता. तो फसला आणि सित्रोएनच्याच जुन्या ट्रॅक्सिऑन गाडीचं १९११ सीसीचं इंजिन थोडं सुधारून डीएसच्या नाकाखाली घालावं लागलं. म्हणजे जगातल्या सगळ्यात आधुनिक गाडीला आजोबांचं इंजिन, आणि शेतकऱ्याच्या गाडीला वाल्टर बेक्किया यांनी कोऱ्या कागदावर आखलेलं. तुमच्या १९७३ च्या डी सुपर ५ मध्ये मात्र १९६० च्या दशकात नव्याने केलेलं २१७५ सीसीचं इंजिन आणि पाच गिअर असतात. ते दणकट आहे, त्याची काळजी नको. डीएस खरेदीत इंजिनावर माणसं तासभर घालवतात आणि तेलाच्या नळ्यांवर पाच मिनिटं. उलटं करायला हवं.

डी सुपर निवडलीत यात तुमची पारख दिसते. खऱ्या डीएसमध्ये गिअर बदलणं, क्लच दाबणं हेही तेलाच्या दाबावर चालायचं आणि ब्रेकला पॅडलऐवजी रबरी बटण. डी सुपरला साधा क्लच, साधा ब्रेकचा पॅडल आणि हाताने टाकायचे गिअर. बिघडायच्या जागा निम्म्याने कमी. पॉवर स्टिअरिंग आहे का ते विचारा, सगळ्या डी सुपरना नसायचं. नसेल तर तळघराच्या उतारावर वळवताना दंडांना कळेल.

पण सस्पेन्शन तेच, ब्रेकची ताकद त्याच तेलातून. आणि हे तेल म्हणजे दीडशे बारच्या वरचा दाब. बाबांनी एसटीत हवेचे ब्रेक आयुष्यभर हाताळले असतील, पण ते याच्या मानाने किरकोळ दाबावर चालतात. डीएसचं सर्किट अंदाजाने उघडायचं नसतं. गाडी वर उभी असताना कुणी चुकीचा नट सैल केला तर ती खाली बसते, आणि खाली माणूस असेल तर त्याच्यावर बसते. बाबांच्या अनुभवावर माझा विश्वास आहे. पण तीन महिन्यांच्या मुक्कामात, फ्रेंच पुस्तकावरून, एकट्याने करायचं हे काम नव्हे.

आता "चार वर्षं उभी, अधूनमधून सुरू करतो" याचा अर्थ. चाकं न फिरवता इंजिन दहा मिनिटं चालवून बंद केलं की सायलेन्सरमध्ये पाणी साठतं, तेल नीट तापत नाही आणि सस्पेन्शनचे दट्टे होते तिथेच राहतात. सस्पेन्शन चालवणारं हिरवं तेल टाकीत परत आणणाऱ्या रबरी नळ्या सुकून चिरतात. आजकालच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुन्या इंधननळ्याही फुगतात किंवा भेगाळतात. मालक खोटं बोलतोय असं नाही. त्याला मनापासून वाटतं की तो गाडी जपतोय. फक्त डीएस अशी जपली जात नाही. ती महिन्यातून दोनदा तरी रस्त्यावर तासभर पळवावी लागते. तुमच्या पत्रातला वापर बघता, हिवाळ्यात ती तुमच्याकडेही उभीच राहणार.

शिवाय गाळा. डी सुपर पावणेपाच मीटरच्या वर लांब आहे. पाच मीटरच्या गाळ्यात ती आत जाईल, दार लागेल, पण पुढे-मागे मिळून वीतभरही जागा उरणार नाही. डिकी उघडायची तर गाडी बाहेर काढा. रुंदीला जवळपास १.८ मीटर, म्हणजे उतरायची कसरत वेगळी. आणि जुनी डीएस थोडंफार तेल गाळतेच. तुमच्या इमारतीच्या व्यवस्थापनाचं पहिलं पत्र हिरव्या डागावरून येईल, हे लिहून ठेवा. टू सीव्ही ३.८३ मीटरची. त्याच गाळ्यात ती राहील, शिवाय एक कपाट, जॅक आणि बाबांची खुर्चीही.

टू सीव्हीचं कौतुक करायचं तर इंजिनापासून करतो, कारण तिथे बाबांचा जीव रमणार आहे. ६०२ सीसी, दोन सिलिंडर एकमेकांसमोर आडवे, २९ अश्वशक्ती. पाणी नाही, म्हणून रेडिएटर नाही, वॉटर पंप नाही. पंखा थेट क्रँकवर. हेड गॅस्केट नाही, हेड आणि सिलिंडर एकमेकांवर नुसते घासून बसतात. डिस्ट्रिब्यूटरही नाही, दोन्ही प्लगना एकाच वेळी ठिणगी. टॅपेटचं झाकण एका नटावर, ते काढलं की थंड इंजिनात ०.२० मिलिमीटरची, फट मोजायची फिलर पट्टी सरकवून दहा मिनिटांत काम. एकच जागा अडचणीची: ठिणगीची वेळ ठरवणारे जुने काँटॅक्ट पॉइंट असतील तर ते पंख्याच्या मागे लपलेत, प्रत्येक वेळी पंखा उतरवावा लागतो. म्हणून बहुतेकांनी तिथे इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून घेतलंय. तुमच्या गाडीत काय आहे ते विचारा. पॉइंटच असतील तर भाव कमी करायला निमित्त मिळालं.

इंजिनात अडीच लिटरच्या आसपास तेल आणि तेच इंजिनाला थंडही ठेवतं. तेव्हा तेलाच्या बाबतीत कंजुषी नको. पुढच्या चाकांच्या किंगपिनला, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिला, ग्रीस नेमाने मारायचं. लोक इथेच आळस करतात आणि मग स्टिअरिंग जड झालं म्हणून तक्रार करतात. एसटीवाल्या माणसाला ग्रीस गनचं महत्त्व सांगायची गरज नाही.

एक बाब मुद्दाम लक्षात ठेवा, कारण ती महागात पडू शकते. १९८१ नंतरच्या टू सीव्ही ६ ला पुढे डिस्क ब्रेक आले आणि त्यांच्यात साधं ब्रेक ऑइल चालत नाही. तिथे डीएसचंच हिरवं खनिज तेल, एलएचएम. कुणी अनभिज्ञ मेकॅनिकने त्यात नेहमीचं डॉट ४ ओतलं असेल तर सगळी सीलं फुगून बाद. बॉनेट उघडा, ब्रेक तेलाच्या बाटलीत डोकावा. स्वच्छ हिरवं दिसलं पाहिजे. पिवळट किंवा तपकिरी दिसलं तर पूर्ण ब्रेक सिस्टिम बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करायचा, नाहीतर नमस्कार करून निघायचं. डी सुपरलाही हेच तेल. डीएसला १९६६ च्या शरदापर्यंत लाल तेल असे, त्यानंतर हिरवं आलं. एकाचं दुसऱ्यात ओतलं की तोच सत्यानाश.

आता चेसिस. टू सीव्हीचं बाकी सगळं स्वस्तात आणि सहज मिळतं: दारं, मडगार्ड, छताचं कापड, सीट, अगदी अख्खं नवं चेसिसही. पण चेसिस बदलायचं म्हणजे वरचा सगळा सांगाडा उचलून परत बसवायचा. जमतं, त्यात वेळ आणि पैसा दोन्ही जातो. मूळ चेसिस पातळ पत्र्याच्या बंद पेट्यांचं. पाणी आत शिरतं, आतून गंजतं आणि बाहेरून रंग चकचकीत. जाहिरातीतल्या "संपूर्ण नवी केलेली" मध्ये नेमकं काय नवं केलं, त्याची बिलं आणि कामाचे फोटो मागा. चेसिस बदललंय का, बदललं असेल तर जस्त चढवलेलं आहे का, याचं उत्तर मालकाने चटकन दिलं पाहिजे. "रंग नुकताच केलाय" हे उत्तर नव्हे.

फोटो नसतील तर गाडीखाली वाका. आधी बाजूने, दहा पावलं लांबून गाडी बघा. दाराच्या फटी वर अरुंद आणि खाली रुंद दिसल्या किंवा बॉनेट आणि मडगार्डची रेष जुळत नसली तर चेसिस मधून वाकलंय. मग पुढच्या चाकांच्या मागे, जिथे चेसिसचे दोन हात पुढे निघतात, तिथे पत्र्याला घडी किंवा सुरकुती आहे का ते हाताने चाचपा. डोळ्यांना फसवणारा रंग बोटांना फसवत नाही. सगळ्या लांबीभर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोका. चांगला पत्रा खणखणीत बोलतो, सडलेला बद्द आवाज देतो. हे करताना व्हिडिओ कॉल लावा आणि फोन चेसिसखाली धरा. आवाज सांगलीत बाबांना ऐकू येईल आणि मला खात्री आहे की ते तुमच्याआधी बोलतील. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्राही चटई उचलून बघा, पावसाचं पाणी तिथेच साचतं.

पुढचं चाक जॅकवर उचलून वरखाली हलवा. खटखट जाणवली तर किंगपिन गेलीय. ती दुरुस्त होते, फक्त किंमत ठरवताना धरा. थंड इंजिन सुरू करून बघा. आदल्या दिवशीच मालकाला सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गरम करून ठेवलेलं इंजिन सगळ्यांचंच चांगलं सुरू होतं.

गिअर टाकायची सवय लागायला एक दुपार पुरेल. डॅशबोर्डातून बाहेर आलेला दांडा, दुसरा पुढे ढकलून, तिसरा मागे ओढून. वळणावर गाडी इतकी कलते की पहिल्यांदा बसलेला माणूस दाराला धरतो. मुलं ओरडतील, आनंदाने. ती उलटत नाही, निर्धास्त राहा.

स्पेनबद्दल मात्र मी तुमची समजूत काढणार नाही. या एका बाबतीत डीएस टू सीव्हीला कुठल्या कुठे मागे टाकते. चार माणसं आणि सामान घेऊन महामार्गावर टू सीव्ही म्हणजे शिक्षा. सपाटीवर ११० च्या आसपास जाते, पण ९० नंतर बोलणं बंद होतं. आणि तुमचा रस्ता नार्बोन-पेर्पिन्यां पट्ट्यातून जातो, जिथे त्रामोंतान वारा आडवा झोडपतो. सहाशे किलोच्या, सपाट दारांच्या गाडीला तो लेन बदलायला लावतो. डीएसला तिथे काही वाटत नाही. तिच्या पुढच्या चाकांमधलं अंतर मागच्यांपेक्षा जास्त आहे, आसांमधलं अंतर तीन मीटरच्या वर आणि नाक असं की वाऱ्याला धरायला काही मिळत नाही. २२ ऑगस्ट १९६२ ला पॅरिसजवळ प्ती-क्लामारला फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या गाडीवर गोळीबार झाला, टायर फुटले, तरी डीएस सरळ पळत निघून गेली, ही गोष्ट फ्रेंच माणूस अजून सांगतो आणि त्यात अतिशयोक्ती नाही.

म्हणून स्पेनला रोजच्या गाडीने जा. वर्षातून एका प्रवासासाठी उरलेल्या पन्नास आठवड्यांची गाडी निवडायची नसते. किंवा टू सीव्हीनेच जायचं असेल तर वारा नसलेला दिवस बघून, महामार्ग टाळून, कार्कासोनच्या बाजूने जुन्या रस्त्याने, एक मुक्काम करत जा. काहीजण तोच प्रवास जास्त आठवणीत ठेवतात. मी सात वर्षांच्या मुलाबरोबर तो करणार नाही, तुमचं तुम्ही बघा.

मुलांचा विषय निघाला म्हणून स्पष्ट लिहितो. टू सीव्हीचा पत्रा पातळ आहे आणि अपघातात ती आजच्या गाडीसारखं संरक्षण देत नाही. डीएसही देत नाही, पण तिच्यात निदान वस्तुमान आहे. मागच्या सीटला पट्टे आहेत का बघा. नसतील तर पट्ट्याचे बोल्ट बसवायच्या पक्क्या जागा आहेत का, ते जाणकाराकडून तपासून पट्टे बसवून घ्या, तोवर मुलांना मागे बसवू नका. गाडी बाजार आणि गावरस्त्यांपुरती ठेवायला हे आणखी एक कारण.

आणि रविवारी सँ-तोबँच्या बाजारात काय होईल तेही ऐका. छप्पर गुंडाळून मागे टाकलेलं, मागची सीट काढून घरी ठेवलेली, तिथे टोमॅटोच्या पेट्या. हे डीएसमध्ये करता येत नाही. वहिनींचा कौल मला त्यामुळे नुसत्या आवडीचा वाटत नाही. गाडीचा वापर त्यांनी तुमच्यापेक्षा नीट ओळखलाय.

डीएसचं वेड काही जाणार नाही, आणि जावं असं मी म्हणतही नाही. फ्रान्समध्ये डीएस दिवसभर भाड्याने मिळतात. एक दिवस घ्या आणि महामार्गावर काढा. एखाद्या क्लबात ओळखी करा. आणखी चार-पाच वर्षांनी, रुंद गाळा आणि जवळ हायड्रॉलिक्स जाणणारा मेकॅनिक हे दोन्ही हाताशी असतील, तेव्हा नेमाने चालवलेली डी सुपर किंवा त्याच घराण्यातली डी स्पेशल शोधा. बघायला जाल तेव्हा दोन गोष्टी करा. इंजिन सुरू करून गाडी पूर्ण वर आली की दाबाच्या नियंत्रकाचा "टक" ऐका. शांत उभ्या गाडीत तो दर दोन-चार सेकंदांनी वाजत असेल तर दाब साठवणारा गोळा गेलाय किंवा कुठेतरी गळती आहे. चांगल्या गाडीत दोन "टक"मध्ये अर्धा मिनिट सहज जातो. दुसरं, मालकाला मागचं मडगार्ड काढून दाखवायला सांगा. डीएसचं मागचं मडगार्ड एकाच बोल्टवर उभं असतं, चाक बदलायला ते काढावंच लागतं. त्यामागे आतला सांगाडा उघडा दिसतो, दाराखालच्या पेटीचं टोक आणि डिकीचा तळही. तिथला गंज म्हणजे डीएसचं खरं दुखणं. तेलाचे गोळे बदलता येतात, नायट्रोजन भरून मिळतो, सांगाडा मात्र कापूनच जोडावा लागतो. मडगार्ड काढायला टाळाटाळ करणाऱ्या मालकाकडे चहासुद्धा घेऊ नका.

कुणी तुम्हाला सित्रोएनच्याच जीएस गाडीचा मधला मार्ग सुचवेल. १९७० ची, डीएसचं तेलावरचं सस्पेन्शन आणि हवेने थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन एकत्र असलेली, लांबीलाही आटोपशीर. गाडी सुरेख, पण ती भयंकर गंजायची, म्हणून फार थोड्या उरल्यात, आणि टू सीव्हीसारखे भाग तिला मिळत नाहीत. पहिल्या जुन्या गाडीसाठी नको.

आता बाबांच्या कामाची जागा. तुमच्या तळघरात दुरुस्ती करायला इमारतीच्या नियमांत मनाई असण्याची शक्यता भरपूर, आधी वाचून घ्या. टॅपेट, प्लग, ग्रीसिंग एवढं दार लावून होईल. तेल बदलायचं किंवा ब्रेक उघडायचे तर फ्रान्समध्ये सेल्फ-गराज नावाची सोय असते. तासाच्या भाड्याने लिफ्ट आणि हत्यारं मिळतात, काम आपलं आपण करायचं. बाबांना तिथे पहिल्या दिवशी सोबत न्या, दुसऱ्या दिवसापासून ते तुम्हाला नेणार नाहीत. येताना त्यांना १०-११ चा चांगला पाना बॅगेत टाकायला सांगा. टू सीव्हीत ११ च्या माथ्याचे बोल्ट जागोजागी आहेत आणि आजच्या संचांतून तो आकडा बऱ्याचदा गायब असतो.

कागदांचं थोडक्यात. सहा महिन्यांच्या आतला काँत्रोल तेक्निकचा, म्हणजे सक्तीच्या तांत्रिक तपासणीचा, अहवाल मालकाने द्यायला हवा. त्यात गंजाबद्दल काय लिहिलंय ते शब्दन् शब्द वाचा, भाषा अडली तर कुणाकडून समजून घ्या. गाडी तीस वर्षांच्या वरची असल्याने तिला कलेक्शनचं कार्त ग्रीझ, म्हणजे जुन्या हौसेच्या गाडीचं नोंदणीपत्र, मिळू शकतं आणि मग तपासणी दोनऐवजी पाच वर्षांनी येते. त्यासाठी फ्रान्सच्या जुन्या गाड्यांच्या महासंघाचं, एफएफव्हीईचं, प्रमाणपत्र लागतं. पाच वर्षांनी तपासणी म्हणजे पाच वर्षं चेसिस बघायचंच नाही असं नव्हे. दर शरदात, पाऊस लागायच्या आत, पेट्यांच्या आत मेणाचा गंजरोधक फवारा मारून घ्या.

विम्यासाठी जुन्या गाड्यांच्या वेगळ्या पॉलिसी असतात आणि त्या स्वस्त पडतात, पण बहुतेक कंपन्यांची अट असते की रोजच्या वापराची दुसरी गाडी घरात असावी. ती तुमच्याकडे आहे. गाडी ताब्यात घेण्याच्या दिवसापासून विमा सुरू असला पाहिजे, तेव्हा कोटेशन आधीच मागवून ठेवा. आणि बयाणा द्यायच्या आधी चेसिसचे फोटो मला पाठवा, विशेषतः पुढच्या चाकांच्या मागचे, दोन्ही बाजूंचे, फ्लॅश लावून.